सरकार जेव्हा मालक असते

अमेरिकेच्या संघसरकारने एखादे मोठे बांधकाम काढले, तर त्या कामावरील मजुरी, कामाचे तास आणि तंट्यांचा निवाडा यांविषयी निविदा मागविण्यापूर्वीच कामगारसंघांशी करार करावा की नाही? प्रश्न वरकरणी रुक्ष दिसतो; परंतु गेल्या सुमारे तीन तपांत या प्रश्नावर त्या देशाच्या बहुतेक नव्या अध्यक्षांनी मागच्याची पाटी पुसण्याचा जणू परिपाठच पाडला आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये, निवडणूक तोंडावर आली असता, थोरल्या बुश यांनी असे करार सक्तीचे करण्यास मनाई केली. क्लिंटन यांनी अधिकारावर आल्यापासून पंधरवडा उलटण्यापूर्वीच, १९९३ च्या फेब्रुवारीत, ती मनाई उठविली. धाकट्या बुश यांनी २००१ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा घातली. ओबामा यांनी २००९ च्या फेब्रुवारीत ती काढली आणि अडीच कोटी डॉलरांवरील कामांत असे करार करण्यास उत्तेजन दिले. बायडेन यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत त्याही पुढे जाऊन साडेतीन कोटी डॉलर वा अधिक खर्चाच्या संघीय बांधकामांस करार सक्तीचाच केला. फेब्रुवारी महिन्याचे या विषयाशी काही जन्माचे नाते असावे की काय, असा संशय एखाद्यास यावा!

पक्ष बदलला की धोरण बदलावे यात आश्चर्य नाही. परंतु येथे जे बदलत गेले ते धोरण म्हणण्यापेक्षा निष्ठेचे प्रदर्शन म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. एका पक्षाला कामगारसंघांची मते हवीत, दुसऱ्याला संघांबाहेरच्या कंत्राटदारांची मर्जी राखावयाची आहे. आणि या ओढाताणीत, असा करार कोणत्या कामास उपयुक्त व कोणत्या कामास घातक, हा खरा प्रश्न मात्र मागे पडला आहे. त्याचाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. या कराराला तिकडे ‘प्रोजेक्ट लेबर ॲग्रीमेंट’ म्हणतात. आपण त्यास प्रकल्प-करार म्हणू. अमेरिकेतील बांधकाम-कामगारांचे संघ कारागिरीवार आहेत. सुतारांचा निराळा, वायरमनांचा निराळा, नळकाम करणाऱ्यांचा निराळा, पोलादी सांगाडे उभारणाऱ्यांचा निराळा. एखादे मोठे इस्पितळ वा विमानतळ उभारावयाचा तर असे दहा-पंधरा संघ एकाच आवारात येतात, आणि प्रत्येकाचा स्थानिक कंत्राटदारांशी झालेला करार वेगवेगळ्या तारखेस संपतो. जे काम आठ-दहा वर्षे चालावयाचे त्यात या तारखा पुनःपुन्हा येणार, आणि प्रत्येक तारखेस कोणी ना कोणी हत्यारे खाली ठेवण्याचा संभव राहणार. शिवाय अमुक नळ कोणी बसवावा आणि अमुक तुळई कोणी उचलावी, यावरून संघासंघांत जुंपते ती निराळीच. प्रकल्प-करार या सर्व संघांशी एकदाच, काम संपेपर्यंतच्या मुदतीसाठी केला जातो. संघ संप न करण्याचे वचन देतात, कंत्राटदार टाळेबंदी न करण्याचे. कामाचे तास, पाळ्या, जादा वेळेचा दर आणि सुट्ट्या सर्वांस सारख्या ठरतात, आणि तंटा झाल्यास काम न थांबविता तो लवादाकडे जातो. ज्याला निविदा भरावयाची असेल त्याने, तो स्वतः संघटित कामगार ठेवणारा असो वा नसो, या अटी मान्य कराव्या लागतात.

या मोबदल्यात संघांना काय मिळते? मुख्यतः भरतीचा अधिकार. कंत्राटदाराने माणसे हवी असल्यास संघाच्या भरतीगृहाकडे मागणी नोंदवावयाची आणि तेथून पाठवतील ती माणसे घ्यावयाची. आमच्या वाचकांस ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी जो कायदा केला त्यात याच जातीची एक व्यवस्था आहे. टोळ्यांची मंडळाकडे नोंद होते, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालक मंडळाकडे भरतो, आणि मंडळ कामगारास पगार, भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ पोहोचविते. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की आपल्याकडे मध्ये बसलेले मंडळ कायद्याने निर्मिलेले व सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे आहे. अमेरिकेत ती जागा खुद्द संघाची आहे. भरतीच्या दारावर कोण उभा आहे यावर पुष्कळच अवलंबून असते, हे ज्यांनी मुंबईच्या गोदीत वा बाजारात जुन्या मुकादमीचे दिवस पाहिले वा ऐकले असतील त्यांस सांगावयास नको.

येथे कोणी विचारील, की अद्याप एकही कामगार कामावर नसता त्यांच्या वतीने करार होतोच कसा? इतर धंद्यांत आधी कामगार, मग त्यांचे बहुमत, मग संघास मान्यता आणि शेवटी करार, असा क्रम आहे. बांधकामात हा क्रम चालत नाही. कारण बहुमत मोजून होईतो इमारतच पुरी होते आणि कामगार पांगतात. हे ओळखून अमेरिकन काँग्रेसने १९५९ मध्ये कामगारविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि बांधकाम-धंद्यापुरते भरतीपूर्व करार वैध ठरविले. प्रथा मात्र त्याहून जुनी आहे. वॉशिंग्टन राज्यातील ग्रँड कूली धरणावर १९३८ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील शास्ता धरणावर १९४० मध्ये असे करार झाले होते. उलट बाजूचा अनुभवही आहे. क्षेपणास्त्रांच्या तळांची बांधकामे संपांनी इतकी खोळंबली की केनेडी यांना मे १९६१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला. ज्या कामास एका दिवसाचा विलंब महाग पडतो तेथे संप न होण्याच्या वचनाला किंमत असते, आणि किंमत असलेली वस्तू कोणी फुकट देत नाही.

ही सौदेबाजी कायद्याच्या कसोटीस कशी उतरली हे बोस्टनच्या प्रकरणात पाहावयास मिळते, आणि त्या प्रकरणाचा थोडा तपशिलाने विचार केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. बोस्टन बंदराच्या पाण्यात वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी अर्धवट शुद्ध करून, कधी तर तसेच, सोडले जात असे. प्रकरण संघीय न्यायालयात गेले, आणि न्यायाधीश मॅझोनी यांनी सफाईच्या कामास मुदती घालून दिल्या. ज्या जलमंडळाकडे हे काम आले त्याच्यापुढे दहा वर्षांचा कालावधी, ६१० कोटी डॉलरांचा अंदाज आणि न्यायालयाच्या तारखा अशा तीन गोष्टी होत्या. मंडळाच्या प्रकल्प-व्यवस्थापकांनी संप टाळण्यासाठी सर्व कारागीर-संघांशी एकच करार करण्याचा सल्ला दिला. १९८९ मध्ये तसा करार झाला: दहा वर्षे संप नाही, तंट्यांसाठी ठराविक पद्धती, कारागिरांची भरती संघांकडून, कामावर आलेल्याने सात दिवसांत संघाचे सभासद व्हावयाचे. मंडळाने निविदेतच या कराराची अट घातली. संघांबाहेरच्या कंत्राटदारांची संस्था न्यायालयात गेली. खालच्या अपील न्यायालयाने तिची बाजू घेतली. परंतु ८ मार्च १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मंडळाच्या बाजूने निकाल दिला.

निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचे आहे. त्यातील विचार असा की सरकारच्या अंगी दोन भूमिका असतात. एक राज्यकर्त्याची: तो सर्वांस नियम घालून देतो. दुसरी मालकाची: तो आपल्या पैशाने आपले काम करवून घेतो. मालक-कामगार संबंधांत राज्यकर्ता म्हणून ढवळाढवळ करण्यास घटकराज्यांना संघीय कायद्याने आडकाठी आहे. परंतु एखादा खासगी मालक आपले काम वेळेवर व्हावे म्हणून जो करार कायदेशीरपणे करू शकतो, तोच करार सार्वजनिक मंडळाने मालक या नात्याने केला, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. याच न्यायमूर्तींनी १९८६ मध्ये विस्कॉन्सिन राज्याविरुद्ध निकाल दिला होता. कामगार कायदा वारंवार मोडणाऱ्या कंपन्यांकडून खरेदी करावयाची नाही, असा नियम त्या राज्याने केला होता. हेतू चांगला असेल. परंतु ती खरेदीदाराची सावधगिरी नसून राज्यकर्त्याने दिलेली शिक्षा होती, आणि म्हणून ती टिकली नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे रेघ कोठे आहे हे स्वच्छ दिसते.

आमच्या मते साऱ्या वादाची किल्ली याच रेघेत आहे. प्रकल्प-कराराचे समर्थन मालकाच्या शहाणपणावर उभे आहे. मालक आपल्या कामाकडे पाहून, त्याची लांबी, त्याची गुंतागुंत, त्या गावातील कारागिरांची स्थिती पाहून ठरवितो. हे समर्थन ज्याला हवे त्याने प्रत्येक कामाचा स्वतंत्र विचार करण्याचे बंधनही पत्करले पाहिजे. सरसकट मनाई करणाऱ्या दोघा बुश यांनी अभियंत्याच्या हातातले एक अवजार काढून घेतले. सरसकट सक्ती करणाऱ्या बायडेन यांनी तेच अवजार प्रत्येक खिळ्यावर मारावयास लावले. मालकाचा निर्णय दोघांनीही राज्यकर्त्याच्या हुकमात बदलून टाकला. निवाडा देणारे हात वेगळे, पण चूक एकच.

बायडेन यांच्या हुकमात अपवाद नव्हते असे नाही. काम अल्प मुदतीचे वा साधे असेल, एकाच कारागिरीचे असेल, तातडीचे असेल, किंवा करारामुळे निविदाकारांची संख्या फारच रोडावेल असे पाहणीत आढळले, तर सूट देण्याची तरतूद होती. परंतु वरिष्ठांनी सक्ती म्हटल्यावर कनिष्ठ अधिकारी अपवादाचे कलम किती उत्साहाने वापरतो, हे कोणत्याही देशातील कचेरीत जाऊन पाहावे. झाले तेच. जानेवारी २०२५ मध्ये संघीय दाव्यांच्या न्यायालयाने काही कंत्राटदारांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा असे बाहेर आले की खात्यांनी स्वतःच केलेल्या बाजारपाहणीत या कामांस करार उपकारक नाही असा निष्कर्ष निघाला होता, आणि तरीही सक्तीकडे बोट दाखवून तो बाजूला सारण्यात आला होता. स्वतःच्या अभियंत्यांनी सांगितलेले न ऐकणारा मालक बोस्टनच्या निकालाचा आधार कोणत्या तोंडाने घेणार?

आता खर्चाकडे वळू, कारण विरोधकांचा सारा भर त्यावर आहे. अमेरिकेतील बांधकाम-कामगारांपैकी सुमारे नऊ-दशांश आज कोणत्याही संघाचे सभासद नाहीत. त्यांच्या कंत्राटदाराने करार मान्य केला, तर आपली नित्याची माणसे दूर ठेवून भरतीगृहातून अनोळखी माणसे घ्यावी लागतात. जी थोडी स्वतःची माणसे ठेवता येतात त्यांच्या नावाने निवृत्तिवेतनाची वर्गणी संघाच्या निधीत भरावी लागते. त्या निधीतून लाभ मिळण्यास ठराविक वर्षांची सेवा लागते, आणि हे काम संपताच तो कामगार निघून जाणार. म्हणजे त्याच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या म्हातारपणी उपयोगी पडणार. ही तक्रार खरी आहे आणि संघांच्या कैवाऱ्यांनी ती उडवून लावू नये. अशा अटींमुळे काही निविदाकार येतच नाहीत, आणि स्पर्धा घटली की दर चढतो.

दर नेमका किती चढतो याविषयी मात्र मोठमोठ्याने सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. मॅसॅच्युसेट्समधील शाळांच्या इमारतींवर दोन गटांच्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केले. एकास खर्च बराच वाढलेला आढळला. दुसऱ्याने इमारतींचा आकार व प्रकार हिशेबात धरताच तो फरक उरला नाही. काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९९८ मध्येच म्हटले होते की करार असलेले आणि नसलेले अशी दोन सारखी कामे तुलनेस मिळणेच दुरापास्त आहे. बोस्टनची सफाई सुमारे ३८० कोटी डॉलरांत, म्हणजे मूळ अंदाजाच्या बऱ्याच खाली झाली. पण त्याचे सारे श्रेय कराराला देणे हे, सारी वाढ कराराच्या माथी मारण्याइतकेच अविचाराचे होईल.

एका उदाहरणाने मात्र आम्हांस अंतर्मुख केले. लॉस एंजलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये बेघरांच्या घरांसाठी १२० कोटी डॉलरांचे कर्ज उभारण्यास संमती दिली. या निधीतून होणाऱ्या ज्या प्रकल्पांत ६५ वा अधिक घरे असतील त्यांना प्रकल्प-करार लागू करण्यात आला. रँड या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या करारामुळे बांधकामाचा खर्च सुमारे साडेचौदा टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. त्याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे: बांधणाऱ्यांनी प्रकल्पांचा आकार ६५ च्या जरासा खालीच ठेवण्यास सुरुवात केली. जेथे अधिक घरे बसू शकली असती तेथेही कमी बांधली गेली. हे काम कसले होते? मध्यम आकाराच्या, एकमेकींसारख्या इमारती. न्यायालयाची मुदत नाही, दहा वर्षांची गुंतागुंत नाही. एखाद्या इमारतीचे काम महिनाभर लांबले असते तर दुःख होते, अनर्थ नव्हता. संप न होण्याच्या हमीची येथे विशेष गरज नसता तिची किंमत मोजली गेली, आणि ती फुटपाथवर निजणाऱ्यांच्या खात्यातून मोजली गेली. करार करणाऱ्या दोन पक्षांत त्यांचा प्रतिनिधी कोणीच नव्हता.

संघांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो, की असा करार नसेल तर कंत्राटदार मजुरी पाडतील. संघीय कामांपुरता तरी तो तोकडा आहे. त्या परिसरातील प्रचलित दराने मजुरी देण्याचे बंधन १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याने दोन हजार डॉलरांवरील प्रत्येक संघीय बांधकामास घातलेच आहे. मजुरीचे रक्षण हे राज्यकर्त्याचे काम आहे व ते कायद्याने होते. प्रकल्प-कराराने त्यावर जी भर पडते ती शांततेची, शिस्तीची आणि भरतीच्या व्यवस्थेची. या भरतीच्या व्यवस्थेला एक काळी बाजूही आहे. अमेरिकेतील कारागीर-संघांची दारे दीर्घकाळ कृष्णवर्णीयांस बंद होती. बापाचे कार्ड मुलास मिळावे आणि शेजाऱ्याने बाहेर उभे राहावे, असा तो प्रकार होता. निक्सन यांच्या सरकारला १९६९ मध्ये फिलाडेल्फियात सरकारी पैशाच्या कामांवर त्यांच्या भरतीची उद्दिष्टे घालून द्यावी लागली, ती उगाच नव्हे. आज पुष्कळ शहरे प्रकल्प-करारातच स्थानिक वस्तीतील तरुणांना उमेदवारीवर घेण्याची अट घालतात. ही अट खरोखरी पाळली गेली, तर करार केवळ विद्यमान सभासदांची मक्तेदारी राहत नाही. ती कागदावरच राहिली, तर ज्या वस्तीतून रस्ता जावयाचा तिने धूळ खावी आणि मजुरी दुसऱ्यांनी न्यावी, इतकेच उरते.

तेव्हा करार केव्हा करावा? काम स्थानिक कारागीर-करारांच्या मुदती ओलांडून जाण्याइतके लांब असेल. अनेक कारागिऱ्या एकाच वेळी एकाच आवारात राबावयाच्या असतील. विलंबाची हानी मजुरीतील फरकाहून उघडपणे मोठी असेल, जसे चालू विमानतळ, सांडपाण्याचे केंद्र किंवा शहराचा पाणीपुरवठा. आणि त्या प्रदेशात संघ इतके प्रबळ असतील की निविदाकारांपैकी बहुतेकांनी एरव्हीही संघटित कामगारच आणले असते. यांतील शेवटच्या गोष्टीस आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. शिकागोत किंवा न्यूयॉर्कमध्ये असा करार म्हणजे जे घडणारच आहे त्यास वळण लावणे होय. उत्तर कॅरोलिनात, जेथे संघ नावापुरतेच आहेत, तेथे तोच करार म्हणजे निविदाकारांस घरी बसविणे होय. साडेतीन कोटी डॉलरांचा आकडा यांपैकी काहीच सांगत नाही. तेवढ्या पैशात एक साधे गोदामही उभे राहते आणि एखाद्या गुंतागुंतीच्या प्रयोगशाळेचा अर्धा भागही.

२०२५ मध्ये पुढे जे घडले ते या दृष्टीने उद्बोधक आहे. फेब्रुवारीत (पुन्हा फेब्रुवारीच!) ट्रंप यांच्या संरक्षण खात्याने असे करार मागणे थांबविण्याची सूचना काढली. मे महिन्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने ती अडविली. कारण अध्यक्षांचा मूळ हुकूम रद्द झालेला नसता खात्यास तो परस्पर गुंडाळून ठेवता येत नाही. जूनमध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने कळविले की बायडेन यांचा हुकूम कायम आहे. जेथे व्यवहार्य व किफायतशीर असेल तेथे करार वापरावा, आणि खात्यांनी सरसकट मनाई करू नये. ज्या पक्षाकडून मनाईचीच अपेक्षा होती त्याच्या सरकारने हे म्हणावे, यात संघटित बांधकाम-कामगारांच्या मतांचा हिशेब असेल, असो. निघालेला निष्कर्ष पूर्वीच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा बरा आहे. उणीव एवढीच की ‘व्यवहार्य व किफायतशीर’ हे शब्द कोणी, कोणत्या पाहणीवरून ठरविले, हे निविदेपूर्वी लेखी प्रसिद्ध करण्याची सक्ती नाही. खात्याने करार मागताना जशी कारणे द्यावीत तशीच न मागतानाही द्यावीत, आणि काम संपल्यावर ती कारणे खरी ठरली की नाही हे हिशेबतपासनिसांनी पाहावे. एवढे झाले असते तर १९९८ मध्ये ज्या तुलनेस सामग्री नव्हती ती सामग्री आज पाव शतकाची साठली असती.

आपल्याकडे हा वाद आहे तसा उचलून आणण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातील रस्ते, पूल आणि मेट्रो यांवर राबणारा मजूर बहुतांशी परप्रांतातून वा दुष्काळी तालुक्यांतून ठेकेदाराच्या मुकादमामार्फत आलेला असतो. ज्याच्याशी करार करावा असा संघच तेथे उभा नाही. त्याच्यासाठी सरकारने आजवर जे केले ते राज्यकर्ता म्हणून केले: १९९६ चा बांधकाम-कामगार कायदा, बांधकामाच्या खर्चावरील एक टक्का उपकर, कल्याण मंडळाची नोंदणी, आणि नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहिता. मालक म्हणून निविदेत किमान वेतनाचे कलम असते, तेही बहुधा ठेकेदाराच्या सहीपुरते. मजुरांची निवासाची सोय, त्यांची आगाऊ नोंदणी, मजुरी थेट खात्यात आणि तंट्यासाठी कामाच्या जागीच निवाडा, एवढ्या चार गोष्टी शासनाने आपल्या एखाद्या मोठ्या कामाच्या निविदेत मालकाच्या अधिकाराने घालून पाहाव्यात. त्यास केंद्राचा कायदा लागत नाही, विधानसभेचे अधिवेशन लागत नाही. निविदेचा मसुदा करणाऱ्या अभियंत्यास तसे सांगणारा एक मंत्री लागतो.